जडत्व

जडत्व : स्थिर वस्तूची स्थिर राहण्याची आणि गतिमान वस्तूची त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत जात राहण्याची प्रवृत्ती. शालेय पुस्तकांत ही संकल्पना न्यूटनच्या पहिल्या नियमासोबत दोन ओळींत येते आणि परीक्षेपुरती पाठ होते. वास्तविक भौतिकशास्त्र शिकू लागणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच रेंगाळावे. ‘वस्तू कशामुळे चालत राहते?’ हा प्रश्न सोडून ‘ती कशामुळे थांबते?’ असे विचारता आले, की बल आणि संवेग या पुढच्या कल्पनांची वाट मोकळी होते.

पहिला प्रश्न चुकीचा वाटतच नाही, हीच खरी अडचण. बैल थांबले की गाडी थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते. अशाच रोजच्या अनुभवावरून ॲरिस्टॉटलने गतीला सतत चालना देणारे काहीतरी लागते असे मानले, आणि हा विचार जवळजवळ दोन हजार वर्षे टिकला. त्यात घर्षण वेगळे काढून पाहिलेले नव्हते, एवढीच उणीव. पण ती मोठी होती. कॅरमच्या पटावर ती नीट कळते. कोरड्या पटावर स्ट्रायकर थोडा सरकून अडतो. बोरिक पावडर भुरभुरून तळहाताने सारखी केली, की तेवढ्याच टिचकीने तोच स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून मागे येतो. बोट सुटल्यावर दोन्ही वेळा त्याला पुढे ढकलणारे काहीच नसते. फरक पडतो तो फक्त लाकडाशी होणाऱ्या घासण्यात. म्हणजे गती आपोआप संपत नव्हती, पट ती संपवत होता.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हाच विचार उतारांच्या साहाय्याने पुढे नेला. एका उतारावरून घरंगळलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तेवढीच उंची गाठते. चढ जितका मंद, तितकी ती लांब जाते. चढ उरलाच नाही, तर तिने थांबावे कुठे? यावर आक्षेप असा, की अंत नसलेली गती कोणीच पाहिलेली नाही. आक्षेप खरा आहे, पण तो नियमाला बाधत नाही. घर्षण कमी करावे तसे अंतर वाढत जाते आणि ही वाढ नेहमी एकाच दिशेने होते; नियम त्या वाढीचे टोक सांगतो. पुढे देकार्तने १६४४ मध्ये सरळ रेषेचा आग्रह धरला आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने ही कल्पना गतीचा पहिला नियम म्हणून मांडली.

जडत्व लक्षात न घेतल्यास थोर अभ्यासकांचेही कसे अडते, याचा दाखला भारतीय ज्योतिषात आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले आणि नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, ही उपमा दिली. त्यावर वराहमिहिराने विचारले, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परतले असते का? प्रश्न अतिशय रास्त होता. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे सरकते. परंतु पक्षी झाडावरून उडतो तेव्हा तो वेग त्याच्यापाशी असतोच, भोवतालच्या हवेपाशीही असतो. १६४० मध्ये गासेंदीने मार्सेयजवळ चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिले. ते मागे न राहता काठीच्या पायथ्याशीच पडले. वराहमिहिराच्या शंकेचे उत्तर त्या दगडांत होते.

आणखी एक आक्षेप जाणकारांकडून येतो : दुसऱ्या नियमात बल शून्य धरले की त्वरण शून्य मिळते, मग पहिला नियम वेगळा कशाला? एसटीने करकचून ब्रेक लावला, की उभा प्रवासी पुढे झुकतो. त्याला मागून कोणी ढकललेले नसते; गाडी थांबते आणि शरीर आधीच्या वेगाने जात राहते. गाडीलाच स्थिर मानणाऱ्याला मात्र बलाशिवाय हालचाल झालेली दिसेल आणि दुसरा नियम मोडल्यासारखा वाटेल. तो नियम कोणत्या संदर्भ चौकटीत वापरायचा, हे पहिला नियम ठरवून देतो. म्हणून त्याचे स्थान स्वतंत्र आहे. याच उदाहरणात ‘जडत्वाने ढकलले’ असे सर्रास म्हटले जाते, ते चूक आहे. जडत्व हे बल नव्हे. वेगातील बदलाला वस्तू किती विरोध करते, ते वस्तुमानावरून कळते, आणि हा विरोध वजन जाणवत नाही तिथेही कायम असतो. त्यामुळेच अंतराळस्थानकात, जिथे वजनकाटा निरुपयोगी ठरतो, अंतराळवीरांचे वस्तुमान स्प्रिंगच्या आंदोलनांवरून मोजता येते.

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सूर्याच्या क्षीण ओढीला न जुमानता सेकंदाला सुमारे १७ किमी वेगाने दूर जात आहे. त्याची छोटी इंजिने अँटेना पृथ्वीकडे वळलेली ठेवण्यासाठी आहेत. पुढे जाण्यासाठी त्याला इंधन लागत नाही.