घरगुती फोटो-सर्व्हरची सुरक्षा

घरगुती फोटो-सर्व्हरची सुरक्षा : कुटुंबाचे फोटो घरातल्याच छोट्या संगणकावर साठवून ते घरच्यांना बाहेरूनही पाहता यावेत, मात्र परक्याला त्यात शिरता येऊ नये, यासाठीची व्यवस्था. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि या पर्यायाकडे हौशी मंडळींचे लक्ष वळले. इमिच, फोटोप्रिझम व नेक्स्टक्लाउड ही त्यासाठीची परिचित सॉफ्टवेअरे.

‘आमच्या बारशाचे फोटो बघायला कोण येतंय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण येणारा बहुधा माणूस नसतोच; तो इंटरनेटचे पत्ते एकामागून एक तपासणारा प्रोग्रॅम असतो. इंटरनेटचे आयपीव्ही४ पत्ते सुमारे ४३० कोटी. झेडमॅप या साधनाने ते एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत धुंडाळता येतात, हे २०१३ मध्येच सिद्ध झाले. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडला की अशा प्रोग्रॅमांची थाप दारावर पडू लागते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ डिस्कांमधला अनेकांचा साठा दुरून पुसला गेला; त्या उपकरणांना २०१५ नंतर दुरुस्त्या मिळालेल्या नव्हत्या. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅपच्या साठवण-उपकरणांतील फायली कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली.

म्हणून सर्व्हर उघड्यावर न ठेवता व्हीपीएनमागे, म्हणजे फक्त चावी असलेल्यांसाठीच्या खासगी जोडणीमागे, ठेवणे उत्तम. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे; योग्य चावी नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. भारतात बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होणारा पत्ता दिसला, तर पोर्ट उघडूनही उपयोग नाही; तिथे टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा वाट काढते. आयपीव्ही६वर मात्र घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता असू शकतो, तेव्हा राउटरची फायरवॉल चालू आहे ना, हे पाहावे.

परगावच्या आजीच्या फोनवर व्हीपीएन टिकत नसेल (बहुधा टिकत नाही), तर रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरपुढे उभा राहून विनंत्या घेणारा मध्यस्थ), एचटीटीपीएस व द्विस्तरीय लॉगिन वापरावे. सबडोमेनला विचित्र नाव देऊन सर्व्हर लपत नाही : त्या नावाने प्रमाणपत्र घेतले की ते सार्वजनिक नोंदवहीत चढते. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यांत चालवण्याचे साधन) वापरणारे आणखी एका ठिकाणी फसतात. डॉकरने बाहेर खुला केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना बगल देतो, म्हणजे बंद वाटलेले दार उघडेच राहते.

रेड, म्हणजे तोच साठा एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची रचना, म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कांवरून एकदमच जातो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथेही लागू : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. इमिचच्या बाबतीत फायलींबरोबर पोस्टग्रेस डेटाबेसचीही प्रत घ्यावी लागते. नाहीतर फोटो उरतात, पण वर्षानुवर्षे लावलेले अल्बम आणि नावे दिलेले चेहरे जातात.