शिवराई: हातोहात आलेले नाणे

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि तांब्याची शिवराई चलनात आली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’.

पेशवाई बुडाली तरी ती बाजारातून हटली नाही. इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत तिच्यावर व्यवहार चालत. म्हणूनच जुन्या देवघरांत ती आजही सापडते.

नाणे हाती घेतले की आधी दिसतात तुटकी अक्षरे. ठसा मोठा, चकती लहान. घणाच्या घावाखाली ‘छत्र’ नीट उमटायचे आणि ‘पति’ काठाबाहेर जायचे. जाणकार मोल करतात ते या अक्षरांवरूनच: वळण कसे, काठाचे ठिपके कितपत शाबूत. मधोमध दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ उत्तरकाळातली, ती सहज मिळते.

चिंचेने घासून लखलखीत केलेली शिवराई मात्र पाहवत नाही. शतकानुशतके चढलेली काळपट झाक एका दुपारीत जाते, आणि तिच्याबरोबर मोलही.