दिनविशेष : नौदलाच्या तारखा आणि आपला कारवार-गोवा किनारा

गुंद, ता. जोयडा : डिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी काळी नदी जोयडा तालुक्यातून वाहत कारवारला समुद्राला मिळते. तिथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर अरगा येथे नौदलाचा ‘आयएनएस कदंब’ हा तळ आहे. गुंदसारख्या जंगलपट्टीतल्या गावाला समुद्र दिसत नसला, तरी नौदलाच्या दिनविशेषातल्या बऱ्याच तारखा आपल्याच परिसराशी जोडलेल्या आहेत. शाळेचा फळा असो की स्पर्धा परीक्षेची वही, उपयोगी पडतील अशा काही तारखा इथे महिन्यांच्या क्रमाने देत आहोत.

फेब्रुवारी (१६६५) : शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरच्या मोहिमेवर निघाले. परतीच्या वाटेवर गोकर्ण, अंकोला करत ते कारवारला आले. महाराजांची ही गाजलेली सागरी स्वारी आजच्या कर्नाटक किनाऱ्यावरचीच.

१८ फेब्रुवारी (१९४६) : मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रात खलाशांनी बंड पुकारले. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही तात्कालिक कारणे होती. बघता बघता ते इतर जहाजांवर आणि बंदरांत पसरले.

३१ मे (२००५) : तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आयएनएस कदंब’ नौदलात दाखल झाला. मुंबई बंदरातली गर्दी आणि व्यापारी जहाजांची वर्दळ टाळून पश्चिम किनाऱ्यावर स्वतंत्र तळ हवा, हा त्यामागचा विचार.

४ जुलै (१७२९) : सरखेल कान्होजी आंग्रे यांचे निधन. मुंबईतल्या ‘आयएनएस आंग्रे’ला त्यांचेच नाव दिले आहे.

२ सप्टेंबर (२०२२) : देशात बांधलेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ कोची येथे दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे.

२४ ऑक्टोबर (१९८६) : पंतप्रधान राजीव गांधी यांनी ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी केली. कारवार-अंकोला पट्ट्यातल्या १३ गावांतील चार हजारांहून अधिक कुटुंबांना त्यासाठी घरदार सोडावे लागले. किनाऱ्यावर रापण ओढणारे आणि भातशेती करणारे हे लोक. वाढीव मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सुपा धरणाने उठवलेली गावे पाहिलेल्या जोयड्याला हे दुःख वेगळे सांगायला नको.

४ डिसेंबर (१९७१) : नौदल दिन. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी रात्री कराचीवर हल्ला चढवला, त्याची ही आठवण. कारवारच्या टागोर समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेली ‘चपल’ नौका त्या हल्ल्यात होती असे पुष्कळजण समजतात. पण ती त्याच जातीची, पुढची सुधारित नौका असून १९७६ मध्ये दाखल झाली. २०२३ चा नौदल दिन मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी साजरा झाला होता.

९ डिसेंबर (१९७१) : पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

१८ डिसेंबर (१९६१) : गोवा मुक्तीची लढाई. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी त्याआधीच्या महिन्यात ‘साबरमती’ जहाजावर गोळीबार केला होता. १८ तारखेला ‘म्हैसूर’च्या तोफांच्या आधाराने ‘त्रिशूल’वरचे नौसैनिक बेटावर उतरले. नौदलाचे ७ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आले. १८ तारखेलाच मुरगावच्या खाडीत ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज निकामी केले.

अंजदीव कागदोपत्री गोव्याचे, समोर दिसते कारवारहून, आणि आज नौदलाच्या ताब्यात. तिथे कुणालाही सहज जाता येत नाही. त्यामुळे १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन साजरा करताना आदल्या दिवशीच्या त्या सात जणांची आठवण काढणे, एवढे तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना करता येईल. आणि २४ ऑक्टोबरला तळाची पायाभरणी सांगताना उठलेल्या १३ गावांचाही उल्लेख राहू नये. तीही याच दिनविशेषातली नोंद आहे.