मार न लागता मेंदूत होणारा रक्तस्राव

मेंदूत रक्तस्राव म्हटले की आपल्याला दुचाकीचा अपघात आठवतो. पण कसलाही मार न लागता, देवळात आरतीला उभा असलेला माणूसही अचानक डोके धरून खाली बसू शकतो. उतारवयात याचे मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. तरुणांत मात्र रक्तवाहिन्यांतला दोष असण्याची शक्यता बरीच असते.

हे दोष मुख्यतः दोन. पहिला धमनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम. सायकलच्या जुन्या ट्यूबला कमजोर जागी फुगवटा येतो, तसा. शंभरातल्या सुमारे तिघा प्रौढांत तो असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. दुसरा धमन्या आणि शिरा यांचा गुंता, म्हणजे एव्हीएम. तो बहुधा जन्मापासूनचा. डिचोलीकडच्या कुळागरवाल्यांना तो लगेच कळेल. पाटाचे पाणी लहान सारणींतून पोफळींच्या मुळाशी जिरत न जाता थेट ओहोळात सोडले, तर काठ किती दिवस टिकेल? मध्ये केशवाहिन्या नसल्यामुळे धमनीचा दाब सरळ नाजूक शिरांवर येतो. मग कधी आकडी येते, कधी रक्तस्राव होतो.

फुगा फुटल्याची डोकेदुखी वेगळी असते. काही क्षणांत टोकाला पोहोचणारी, जन्मात कधी झाली नव्हती अशी. सोबत उलटी, ताठलेली मान, कधी शुद्ध हरपणे. गुंत्यातून स्राव झाला तर तोंड वाकडे होते, हातपाय लुळे पडतात, बोलणे अडखळते. आपल्या घरांत यावर "पित्त उसळले", "दिष्ट लागली" असे म्हणून बाम चोळला जातो. आमच्या परिचयातल्या एका घरी असेच दोन दिवस गेले. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका नेमका याच पहिल्या एकदोन दिवसांत सर्वाधिक असतो. दिष्ट खुशाल काढा, पण १०८ला फोन केल्यावर.

निदान सीटी स्कॅनने होते आणि तो जितका लवकर तितका बिनचूक. पुढच्या उपचारांसाठी पेडणे-डिचोलीच्या रुग्णाला बहुधा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातच न्यावे लागते. फुग्याच्या देठाला चिमटा लावतात (ही शस्त्रक्रिया १९३७ पासूनची) किंवा जांघेतून नळी घालून आत प्लॅटिनमची तार भरतात. गुंत्यावर शस्त्रक्रिया, नळीवाटे गोंद किंवा किरणोपचार. ज्यांच्या दोन सख्ख्या नातेवाइकांना फुगा निघाला असेल, त्यांनी स्वतःची तपासणी डॉक्टरांना विचारावी. रक्तदाब आणि तंबाखू-विडी हे फुग्याचे वैरी नव्हे, सोबती.

गाडी येईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नये, तोंडात पाणीही घालू नये. दुखणे किती वाजता सुरू झाले ते कागदावर लिहून ठेवावे. ही आमची बँकेतली सवय, पण डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी दाखवावी.