धार का जाते?

लेथवर काम करणाऱ्याच्या तोंडी 'टूलची धार गेली' हे वाक्य दिवसातून दोनतीनदा तरी येतंच. उमेदवारीच्या दिवसांत मीही ते रोज ऐकलं. लोखंड कठीण म्हणून धार जाते, असं सहज वाटतं. पण मोठं कारण आहे उष्णता. आणि तिचा हिशेब मांडायला एका माणसाला २६ वर्षं लागली.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर याने १८८० मध्ये प्रयोग सुरू केले. कापताना निघणारी चिप टूलच्या माथ्यावर घासत जाते, टोक तापतं. तेव्हाचं साधं कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंश सेल्सियसपुढे मऊ पडू लागे. चिपवर पाण्याचा मोठा झोत सोडला तर वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो, हे टेलरने दाखवलं.

पुढे बेथलेहेम कारखान्यात त्याने मॉन्सेल व्हाइट यांच्याबरोबर टंगस्टन-क्रोमियमचं पोलाद जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून पाहिलं. एवढ्या आचेने टूल बिघडतं, असा तेव्हाचा समज होता. घडलं उलटंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लालबुंद झालेलं टूल पोलाद कापत राहिलं आणि लोक पाहत राहिले. हेच हायस्पीड स्टील.

तरी धार अमर झाली नाही. घासून झीज होते, धक्क्याने टवका उडतो. १९०६ मध्ये टेलरने नियम मांडला: वेग थोडा वाढवला की आयुष्य झपाट्याने घटतं. हायस्पीड टूलचा वेग पाचव्या हिश्शाने वाढवा, आयुष्य साधारण चौथाईवर येतं. टूल आता कार्बाइडची असली, तरी कारखान्यांत हा हिशेब अजून वापरतात.

ज्या टेलरने टूल किती सोसेल हे मोजलं, त्यानेच हाती घड्याळ घेऊन माणसाचं कामही मोजायला लावलं. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात या घड्याळावरूनच साचेकामगारांनी काम बंद केलं. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. टूल झिजलं की सहाणेवर धरता येतं. माणसाचं तसं नाही, एवढंच त्या कामगारांचं म्हणणं होतं, असं मला वाटतं.