सरळ रस्त्यापासून वळणापर्यंत : मोटारसायकलच्या एबीएस ब्रेकप्रणालीचा विकास (१९५८ ते २०२०)

प्रस्तावना :
मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनाची शक्ती आणि वेग यांची चर्चा विपुल झाली. त्या मानाने वाहन थांबविण्याच्या तंत्राचा इतिहास उपेक्षित राहिला. जोरात ब्रेक दाबल्याने चारचाकीचे चाक अडकले, तर गाडी घसरत जाते. दुचाकीचे पुढचे चाक अडकले, तर ती बहुधा स्वारासह कोसळते. म्हणजेच चाक अडकू न देणाऱ्या ब्रेकप्रणालीची, अर्थात एबीएसची, गरज दुचाकीला अधिक होती. प्रत्यक्षात ती दुचाकीला उशिरा मिळाली आणि वळणावर काम करणारे तिचे रूप तर त्याहून उशिरा आले. या विलंबाची कारणे तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रारंभीचे प्रयोग :
एबीएसचे मूळ विमानविद्येत आहे. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची चाके अडकून टायर फुटू नयेत, म्हणून ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने मॅक्सारेट ही यांत्रिक प्रणाली तयार केली. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने ती रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर मोटारसायकलवर बसवून चाचण्या घेतल्या. अडकलेल्या चाकाच्या तुलनेत थांबण्याचे अंतर, विशेषतः निसरड्या पृष्ठभागावर, लक्षणीय प्रमाणात घटले. तरीही कंपनीच्या तांत्रिक संचालकांना या प्रणालीत फारसे भवितव्य दिसले नाही व तिचे उत्पादन झाले नाही. तंत्र उपलब्ध असूनही ते स्वारापर्यंत पोहोचले नाही, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय होय.

यानंतर तीस वर्षे गेली. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास मोटारीत आली. मोटारसायकलवर ती १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के-१०० मालिकेत आली. त्या यंत्रणेचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम होते. मोठ्या प्रवासी मोटारसायकलला हा भार सोसवणारा होता. हलक्या व स्वस्त वाहनाला नव्हता. २००९ च्या सुमारास बॉशने खास दुचाकीसाठी विकसित केलेल्या यंत्रणेचे मूळ रूप अवघ्या ०.७ किलोग्रॅमचे होते. वजनाचा अडसर असा दूर झाला.

वळणाचा प्रश्न :
तथापि या सर्व प्रणाली मूलतः सरळ उभ्या वाहनाच्या गृहीतकावर आधारलेल्या होत्या. रस्त्यावरील टायरची पकड मर्यादित असते. वळणावर तिचा मोठा हिस्सा वाहनाला आतल्या बाजूस धरून ठेवण्यात खर्च होतो. ब्रेकसाठी उरते ती शिल्लक. वाहन ४५ अंशांत झुकले असता टायरवरील आडवे बल जवळजवळ वाहनाच्या वजनाइतके होते. अशा वेळी एकदम ब्रेक दाबला, तर चाक अडकत असल्याची नोंद होऊन दाब कमी होईपर्यंत टायर बाजूला निसटलेला असू शकतो. शिवाय झुकलेल्या अवस्थेत पुढचा ब्रेक लावताच वाहन उभे राहू पाहते आणि वळणाबाहेर जाते. साध्या एबीएसला केवळ चाकांचा वेग कळतो. वाहन किती झुकले आहे, हे कळत नाही. उणीव ब्रेकमध्ये नव्हती, मापनात होती.

ही उणीव सूक्ष्म संवेदकांनी भरून काढली. मोटारींच्या स्थैर्यनियंत्रणामुळे असे संवेदक लहान व स्वस्त होत गेले होते. २०१३ च्या अखेरीस केटीएमने ११९० ॲडव्हेंचर या मोटारसायकलच्या २०१४ च्या आवृत्तीवर बॉशची नवी स्थैर्यनियंत्रण प्रणाली आणली. तीत झुकाव आणि पुढे-मागे होणारा कल सेकंदाला शंभराहून अधिक वेळा मोजला जातो. त्यानुसार ब्रेकचा दाब किती वेगाने वाढू द्यावा व पुढच्या-मागच्या चाकांत तो कसा विभागावा, हे ठरते.

जुन्या वाहनाची सुधारणा :
या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २०१३ ची ११९० ॲडव्हेंचर घेतलेल्या ग्राहकांनाही ही सुविधा नंतर बसवून घेण्याचा पर्याय देण्यात आला. बीएमडब्ल्यूनेही ऑक्टोबर २०१४ पासून एचपी-४ साठी ‘एबीएस प्रो’ ही सुधारणा स्वतंत्रपणे उपलब्ध केली. एचपी-४ वर मागचे चाक फिरू न देणाऱ्या नियंत्रणासाठी झुकावाचा संवेदक आधीपासूनच होता. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न नव्या यंत्रभागांपुरता न उरता, उपलब्ध माहितीचा उपयोग कोणत्या आज्ञावलीने केला जातो, याचाही झाला. ज्या वाहनात असा संवेदक व विद्युत्-नियंत्रित ब्रेक यांचा पायाच नाही, त्याला मात्र ही वाट बंदच राहते.

कायदा आणि भारतीय संदर्भ :
युरोपीय संघाने १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या मोटारसायकलींच्या नव्या नमुन्यांना २०१६ पासून एबीएस सक्तीची केली. भारतात तशीच सक्ती नव्या नमुन्यांना १ एप्रिल २०१८ पासून व सर्व नव्या वाहनांना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्याहून लहान वाहनांसाठी संयुक्त ब्रेकप्रणाली पुरेशी मानली गेली. वळणावरील एबीएस यांपैकी कोणत्याही सक्तीत नव्हती. पुण्याजवळील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये या सुविधेसह भारतीय बाजारात आली. ती घेऊ शकणारा ग्राहकवर्ग मात्र मर्यादितच होता. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हे सर्व मृत्यू ब्रेकमुळे झाले असे नव्हे. परंतु संरक्षणाची गरज कोणत्या वर्गाला आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१९५८ मध्ये उपयोग सिद्ध होऊनही तंत्र नाकारले गेले. १९८८ नंतर ते वजन व किंमत यांमुळे मोजक्यांपुरते राहिले. २०१३ नंतर वळणाचा प्रश्न पुष्कळसा सुटला, पण महागड्या वाहनांवर. या तिन्ही टप्प्यांत तांत्रिक शक्यता आणि सामाजिक उपलब्धता यांतील अंतर कायम दिसते. सरळ रस्त्यावरील अंतर कायद्याने कमी केले. वळणावरील अंतर मात्र दीर्घकाळ ग्राहकाच्या क्रयशक्तीवर सोडले गेले. घाटरस्त्यांच्या महाराष्ट्रात या प्रश्नाकडे केवळ अभियांत्रिकीचा विषय म्हणून पाहणे पुरेसे ठरणार नाही.