वाचा-भाषा विकारशास्त्राचे पदवी शिक्षण आणि मराठवाडा : पोखर्णी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव तेथील नृसिंह मंदिरामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. अशा गावातून बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यासमोर वैद्यक, अभियांत्रिकी, कृषी आणि अध्यापन हे मार्ग सहसा असतात. सामान्य भाषेत ज्याला ‘स्पीच थेरपी’ म्हटले जाते, त्या वाचा-भाषा विकारशास्त्राच्या पदवीचे नाव मात्र त्याच्या कानावर क्वचितच येते. वास्तविक या विद्याशाखेचे मुख्य साधन कोणतेही यंत्र नसून रुग्णाची स्वतःची बोली हे आहे. ही बोली ज्याला जन्मतः अवगत आहे, तोच विद्यार्थी या शिक्षणापासून दूर का राहिला, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पदवी शिक्षणाचा उगम :
मूकबधिरांच्या शिक्षणाची संस्थात्मक सुरुवात भारतात मुंबई येथे झाली. बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने 1885 च्या सुमारास तेथे पहिली शाळा उभी राहिली. तथापि या शाळेचा हेतू शिक्षणाचा होता. बोलण्यातील दोषांचे निदान आणि उपचार करणारा प्रशिक्षित वर्ग निर्माण होण्यास आणखी 80 वर्षे लागली. केंद्र शासनाने 1965 मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन केली. पुढील वर्षी, म्हणजे 1966 मध्ये, मुंबई महानगरपालिकेच्या टोपीवाला नॅशनल वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेस तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. पुढे 9 ऑगस्ट 1983 रोजी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था स्थापन झाली आणि मुंबई हे या शास्त्राचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले.

कायदेशीर मान्यता :
1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली आणि 1993 मध्ये परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येणार नाही, असे बंधन आल्यामुळे पदवीचे महत्त्व वाढले. मात्र 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत श्रवणदोषाचा समावेश होता, वाचादोषाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. ऐकू येणारे परंतु बोलू न शकणारे मूल त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होते. 2011 च्या जनगणनेत देशात वाचादोष असलेल्या 19.98 लाख व्यक्तींची नोंद झाली. वाचा व भाषा दिव्यांगत्वाला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले ते 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात. म्हणजेच पदवीधर घडविण्यास प्रारंभ झाल्यानंतर तब्बल 50 वर्षांनी हे स्थान मिळाले.

अभ्यासक्रम आणि माध्यम :
ही पदवी आज बीएएसएलपी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तीन वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता असे तिचे स्वरूप आहे. शरीररचना, ध्वनिशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि श्रवणशास्त्र यांबरोबरच तोतरेपणा, आवाजाचे विकार, दुभंगलेली टाळू आणि पक्षाघातानंतरचा वाचालोप हे विषय विद्यार्थी शिकतो. प्रत्यक्ष रुग्णांवरील काम हा या शिक्षणाचा गाभा आहे. ग्रंथ आणि परीक्षा मात्र इंग्रजीत आहेत.

मराठवाड्याला माध्यमाचा हा प्रश्न नवीन नाही. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला आणि वैद्यकही उर्दूतून शिकविले. परंतु निजामी राजवटीतील मराठीभाषक विद्यार्थ्याला तेही परक्याच भाषेतून शिकावे लागले. वांद्रे येथील संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे ते अली यावर जंग हे याच विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे 1971 ते 1976 या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. 1948 मध्ये मराठवाडा मुक्त झाला, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तरी या शास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पाचशे किलोमीटरहून दूर असलेली मुंबई आणि इंग्रजी माध्यम हे दोन्ही अडसर कायम राहिले. राष्ट्रीय संस्थेचे सिकंदराबाद येथील विभागीय केंद्र प्रवासाच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी तेथे प्रात्यक्षिकासाठी येणारे बहुसंख्य रुग्ण मराठीभाषक नसणे स्वाभाविक आहे.

बोली आणि निदान :
या अंतराचे परिणाम निदानावर होतात. मराठीत च, ज, झ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारे, तर ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. हा भेद लिपीत दिसत नाही, तो कानानेच ओळखावा लागतो. परभणीच्या ग्रामीण भागातील मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, ‘काय करतोस’ऐवजी ‘काय करायलास’ विचारते. हा विकार नव्हे, ती त्याची बोली आहे. मात्र तेच मूल शाळेत जाण्याच्या वयातही ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. प्रमाण मराठीची मोजपट्टी लावणारा उपचारक निरोगी मुलाला सदोष ठरवू शकतो. उलट ‘गावाकडचे बोलणे असेच’ असे समजून खऱ्या दोषाकडे दुर्लक्षही करू शकतो. घरात लमाणी किंवा दखनी उर्दू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांबाबत हा धोका अधिक वाढतो. जिभेखालची तार कापली की मूल बोलू लागते, किंवा मुलगा उशिराच बोलतो, अशा समजुतींत भाषाविकासाची मोलाची वर्षे निघून जातात. पालकांच्याच बोलीत त्यांची समजूत घालणारा उपचारक अशा वेळी उपयोगी पडतो.

समारोप :
फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होऊ लागली. त्यातील जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या आराखड्यात श्रवण व वाचाउपचारतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. पदाची तरतूद झाली, तरी ते पद भरणारी व्यक्ती त्या मुलाची भाषा जाणणारी असेलच असे नाही. 1966 पासूनच्या इतिहासातून हेच दिसते की, संस्था आणि कायदे उभे राहिले. बोलीचे ज्ञान ही पात्रता आहे, असे मात्र मानले गेले नाही. पोखर्णीसारख्या गावातील विद्यार्थ्याची भाषा ही या शिक्षणातील उणीव नसून भांडवल आहे. परभणी परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांनी या पदवीची माहिती विज्ञान शाखेच्या वर्गांत पोहोचविणे आणि मराठी विभागांनी बोलींचे ध्वनिसंकलन हाती घेणे, एवढे कार्य स्थानिक पातळीवर निश्चितच शक्य आहे.